चाकांवरचं घर: ऑक्टोबरातला नॉर्थ शोअर आणि नळाला पाणी नसलेली गाडी

या महिन्याच्या टपालात थंडीचीच पत्रं जास्त आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर सगळ्यात लांब झालंय, कारण त्या गाडीत वडीलधारी माणसं बसणार आहेत आणि हातात दिवस थोडे आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो. माझे आई-बाबा जुलैपासून इथे आले आहेत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत जातील. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी आहे. तेव्हा आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोटारगाडी, भाड्याने घेऊन नॉर्थ शोअरला, डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत लेक सुपीरियरच्या उत्तर काठाने जायचा बेत आहे. तीन रात्री, आम्ही सहा जण. मुलं ९ आणि ६ वर्षांची, आई ६६, बाबा ७१. उन्हाळ्यात दोनदा आरव्ही चालवली आहे, थंडीत कधीच नाही. गाडीवाले म्हणतात, १५ तारखेनंतर गाडी विंटराइझ केलेलीच मिळेल, म्हणजे नळाला पाणी नसेल. अशा गाडीत म्हाताऱ्या माणसांना न्यावं का, की सरळ हॉटेल घ्यावं? रात्री किती थंडी पडेल, गॅस किती लागेल, काहीच अंदाज येत नाही.

उत्तर : जा. हॉटेलचंही बोलू, पण बेत मोडू नका. आणि गाडी विंटराइझ केलेली मिळतेय याचं वाईट वाटून घेऊ नका. मला विचाराल तर तुमच्या बेतातली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

विंटराइझ करतात म्हणजे गाडीतल्या नळ्या, पंप आणि पाणी तापवायची टाकी रिकामी करतात, आणि नळ्यांमध्ये गुलाबी रंगाचं अँटीफ्रीझ सोडतात. हे आरव्हीचं वेगळं अँटीफ्रीझ असतं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. मोटारीच्या इंजिनात घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते या कामाला कधीही वापरायचं नाही. एवढं झालं की गाडीत गोठून फुटेल असं काही उरत नाही. मग रात्री काळजी घ्यायची ती फक्त माणसांची.

हे मी एवढ्या ठामपणे का सांगते? अकरा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्याच दुसऱ्या आठवड्यात, आम्ही आमचा ट्रेलर घेऊन ग्रँड मरेच्या वर गनफ्लिंट ट्रेलला गेलो होतो. गावाचा अंदाज रात्री ३६ फॅरनहाइटचा होता. गोठणबिंदूच्या, म्हणजे ३२ च्या, वर आहे म्हणून पाण्याचा पाइप बाहेरच्या नळाला जोडलेलाच ठेवला आणि झोपलो. पण गावाचा अंदाज म्हणजे तळ्याकाठचा अंदाज. लेक सुपीरियर एवढं मोठं आणि खोल आहे की उन्हाळ्यातली ऊब ते ऑक्टोबरभर काठाला देत राहतं. तुम्ही काठ सोडून पाच-सात मैल आत, हजारभर फूट वर गेलात की ती ऊब मागे राहते. पहाटे आमच्या थर्मामीटरवर २१ होतं.

पाचला मी चहासाठी नळ सोडला. आत हवा सुटल्यासारखा एक आवाज आला आणि मग काही नाही. बाहेर जाऊन पाइप उचलला तर तो काठीसारखा ताठ, वाकेचना. आम्ही फर्नेस, म्हणजे गाडीतला गॅसचा हीटर, वाढवला, सिंकखालची दारं उघडी ठेवली, वाट बघितली. दुपारी ऊन आल्यावर नळाला पाणी आलं आणि आम्हाला वाटलं, सुटलो. तासाभराने लेक म्हणाली, "आई, माझे मोजे ओले झाले." शॉवरच्या मागच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा एक एल्बो, म्हणजे नळीचा वाकडा जोड असतो, अंगठ्याएवढा. त्याला चीर गेली होती. टॉर्च धरून बघितलं तरी दिसेना, बोट फिरवलं तरी लागेना, पण पंप चालू झाला की त्या जागी मोहरीएवढे थेंब एका ओळीत उभे राहायचे. सकाळपर्यंत बर्फानेच ती चीर बुजवून ठेवली होती. बर्फ वितळला तसं पाणी फरशीखालच्या इन्सुलेशनमध्ये उतरत गेलं. फरशीचा तो भाग शेवटी काढून बदलावा लागला. तुमची गाडी तर भाड्याची आहे, आणि पाणी गोठून झालेलं नुकसान भाडेकरूकडून वसूल करायचं कलम करारात असू शकतं. ते सहीच्या आधी शोधून वाचा.

आता नळाशिवाय तीन दिवस कसे काढायचे ते. पिणं, स्वयंपाक आणि हात-तोंड धुणं मिळून माणशी रोज एक गॅलन धरा. सहा जणांचं तीन दिवसांचं १८ गॅलन झालं. तोटीवाले तीन-तीन गॅलनचे सहा कॅन घ्या. हे सगळं मिळून दीडशे पौंड भरतं, तेव्हा कॅन एकाच बाजूला रचू नका. ते आत, माणसांच्या ऊबेत ठेवा. बाहेरून उघडणाऱ्या खणात ठेवलेत तर सकाळी त्यांचा दगड झालेला असेल. एक कॅन सिंकच्या कडेला, तोटी आत वळवून ठेवला की मुलांना हात धुता येतात. सिंकमध्ये पाणी सोडलं तर चालेल का, हे गाडीवाल्यांना विचारा. चालत असेल तर रोज रात्री झोपण्याआधी प्रत्येक मोरीत कपभर गुलाबी अँटीफ्रीझ ओता, कारण मोरीखालच्या वाकड्या नळीत पाणी साचून राहतं आणि तीच आधी फुटते. चालत नसेल तर टबात भांडी धुवा आणि ते पाणी पार्कवाले सांगतील तिथेच टाका.

संडासाचं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण आई-बाबांना नेताना पहिली काळजी तीच असणार, मला माहीत आहे. विंटराइझ केलेल्या गाडीतला संडास वापरता येतो, फक्त तो पाण्याने धुवायचा नाही. ब्लॅक टँकमध्ये, म्हणजे संडासाच्या टाकीत, सुरुवातीलाच एक गॅलन अँटीफ्रीझ ओता आणि शेजारी त्याचाच एक जग ठेवा. दर वेळी कपभर ओतलं की झालं. यासाठी आणखी चार-पाच गॅलन बरोबर घ्या. आईंना निघण्याच्या आदल्या दिवशीच गाडी दाखवा आणि हे समजावून सांगा. रात्री दोन वाजता अंधारात पहिल्यांदा कळलं तर माणूस संकोचून बसून राहतं. आणि हा संडास रात्रीपुरताच ठेवा. दिवसा गूझबेरी फॉल्स आणि टेटेगूश या दोन्ही स्टेट पार्कांची व्हिजिटर सेंटर्स हायवे ६१ लगतच आहेत. ती हायवेची विश्रांतिस्थळंही आहेत, त्यामुळे तिथे गरम, स्वच्छ, पाण्याचे संडास मिळतात. दिवसाची आखणी या दोन ठिकाणांच्या आधाराने करा.

डंप स्टेशनचं, म्हणजे ही टाकी रिकामी करायच्या जागेचं, मात्र आत्ताच विचारून ठेवा. ऑक्टोबरच्या मध्याला स्टेट पार्कांमध्ये पाणी बंद व्हायला लागतं, अंघोळीच्या इमारतींना कुलूप लागतं आणि डंप स्टेशनही बंद होतं. प्रत्येक पार्काची तारीख वेगळी असते, ती डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) वेबसाइटवर त्या त्या पार्काच्या पानावर लिहिलेली असते. सगळीकडे बंद असेल तर टाकी न रिकामी करता गाडी परत केली तर काय आकार पडेल, हे गाडीवाल्यांकडून लिहून घ्या.

अंघोळ? तीन रात्रींतली मधली रात्र ग्रँड मरेला हॉटेलात काढा. मी म्हटलं होतं ना, हॉटेलचंही बोलू. पहिली रात्र गाडीत नव्याची असते. दुसऱ्या रात्री सगळे दमलेले असतात, तेव्हा गरम शॉवर आणि सपाट पलंग मिळाला की आई-बाबांची तिसरी रात्र सुखाची जाते. आमच्या सासूबाईंना आम्ही असंच नेलं होतं, तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या.

आता गॅस. क्लास सी गाडीचा (ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या आरव्हीचा) फर्नेस बहुधा तासाला ३०,००० बीटीयूच्या आसपास असतो. एका गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू उष्णता असते. बाहेर २८ फॅरनहाइट असताना आत ६५ ठेवायचं तर फर्नेस साधारण निम्मा वेळ पेटलेला राहतो. रात्रीच्या बारा तासांतले सहा तास धरा, म्हणजे रात्रीला दोन गॅलन. दिवसा थोडा, वर स्वयंपाकाचा. दोन रात्री गाडीत म्हणजे सहा गॅलन हाताशी असले तर निश्चिंत राहाल. टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरतात, तेव्हा दहा गॅलनच्या टाकीत आठच आहेत असं समजा आणि टाकी भरलेली आहे याची खात्री करूनच गाडी ताब्यात घ्या.

पण फर्नेस नुसत्या गॅसवर चालत नाही, त्याच्या पंख्याला बॅटरी लागते, आणि गाफील माणसं नेमकी इथे फसतात. पंखा आठेक अँपिअर ओढतो. सहा तासांचे ४८ अँपिअर-तास झाले. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून तिच्या क्षमतेच्या निम्मंच वापरायचं असतं, आणि थंडीत ती क्षमता आणखी घटते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी पहाटेपर्यंत जेमतेम पुरेल किंवा चारला फर्नेस बंद पडेल. रात्री दहानंतर पार्कात जनरेटर लावता येत नाही. म्हणून आई-बाबा बरोबर असताना विजेची जागाच घ्या. गूझबेरीला विजेच्या जागा नाहीत. टेटेगूशला आहेत, स्प्लिट रॉकच्या नव्या कॅम्पग्राउंडवर आहेत. ग्रँड मरे गावाचं स्वतःचं कॅम्पग्राउंड अगदी बंदराला लागून आहे, तिथेही वीज मिळते, पण ते कधी बंद होतं ते विचारा. सुट्टीचा आठवडा असल्याने जागा आजच बघा. वीज असली की १५०० वॉटचा एक हीटर लावता येतो, गॅस वाचतो. एकच लावा, थेट भिंतीतल्या प्लगला, एक्स्टेन्शन कॉर्ड नको.

झोपायचं कुणी कुठे? ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग मुलांना आवडतो, पण गाडीतली सगळ्यात गार जागा तीच. तीन बाजूंनी बाहेरची हवा, खाली पुढची काच. तिथे तुम्ही दोघं झोपा. पुढच्या सीट आणि राहायची जागा यांच्यामध्ये जाड ब्लँकेट टांगा, नाहीतर अर्धी ऊब त्या मोठ्या काचेतून जाते. बाबांना मागचा पलंग द्या, संडासाच्या जवळचा. गादीखाली फोमची पातळ शीट घाला, खालून येणारी थंडी कितीही पांघरुणं घेतली तरी थांबत नाही. आणि गाडीची बाहेरची लोखंडी पायरी! पहाटे तिच्यावर दहिवराचा पातळ, न दिसणारा थर असतो. रात्री तिच्यावर रबरी पायपुसणं बांधून ठेवा आणि सकाळी आधी तुम्ही उतरा, मग बाबांचा हात धरा.

मार्ग असा ठेवा. डुलुथहून निघून ४० मैलांवर गूझबेरी. धबधब्यापर्यंतची वाट फरसबंद आणि थोडक्यात संपणारी आहे, बाबांना जमेल. पुढे स्प्लिट रॉकचा दीपस्तंभ. १९०५ च्या नोव्हेंबरातल्या वादळात या किनाऱ्यावर इतकी जहाजं गेली की त्यानंतर तो बांधला, १९१० मध्ये दिवा लागला. पहिली रात्र तिथेच किंवा टेटेगूशला. वाटेत पॅलिसेड हेडच्या कड्याची पाटी दिसेल. वर जाणारा रस्ता अरुंद आणि चढाचा आहे, आरव्ही तिकडे अजिबात नेऊ नका. दुसऱ्या दिवशी ग्रँड मरे, डुलुथपासून सुमारे ११० मैल. मेपलचा लाल रंग सप्टेंबरअखेर डोंगरावर येऊन जातो, किनाऱ्याचे बर्च आणि ॲस्पेन त्यानंतर पिवळे होतात. तुम्ही जाल तेव्हा बरीचशी पानं खाली आली असतील. पण आतल्या दलदलींमध्ये टॅमरॅक सोनेरी झालेले असतात. सुयांसारखी पानं असूनही हिवाळ्याआधी ती गाळणारं झाड आहे ते. आईंना मुद्दाम दाखवा. आणि पानं गळाल्यामुळे उन्हाळ्यात रस्त्यावरून न दिसणारं तळं सबंध वाटभर दिसत राहतं.

गाडी दिवसाउजेडीच चालवा. तेव्हा तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. मी साडेचारला कॅम्पवर पोचायचा नियम ठेवते. ६१ वर दर काही मैलांना एखादी नदी तळ्याकडे येते आणि तिच्यावर पूल असतो. पुलाला वरून-खालून दोन्हीकडून वारा लागतो, म्हणून रस्ता कोरडा असला तरी पुलावर बर्फाचा काचेसारखा थर असू शकतो. सकाळी नऊच्या आधी निघू नका. हरणंही याच दिवसांत संध्याकाळी रस्त्यावर येतात. टायरची हवा निघायच्या दिवशी पहाटे, टायर गार असताना बघा. तापमान दर १० फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण २ टक्के कमी होतो.

शेवटी, कधी जायचं नाही? १९९१ च्या हॅलोविनला सुरू झालेल्या वादळात डुलुथला ३६.९ इंच बर्फ पडला होता. ऑक्टोबर तिथे असाही असू शकतो. निघायच्या दोन दिवस आधी नॅशनल वेदर सर्व्हिसच्या डुलुथ कार्यालयाचा अंदाज बघा, गावाचा नाही, नकाशावर आपल्या कॅम्पच्या जागेवर टिचकी मारून. रस्त्यासाठी ५११ ही रस्त्यांच्या स्थितीची माहितीसेवा बघा. ईशान्येचा जोराचा वारा किंवा वादळी बर्फाचा इशारा असेल तर आरव्ही रद्द करा, मोटार काढा आणि डुलुथला हॉटेलात राहा. रद्द केलं तर पैसे किती परत मिळतात, हे आत्ताच विचारलंत तर त्या दिवशी निर्णय घेताना हात आखडणार नाही.

प्रश्न : ताई, माझ्या ट्रेलरला मी यंदा लिथियम बॅटरी आणि छतावर सोलर पॅनेल बसवलं. गेल्या आठवड्यात पहाटे २५ फॅरनहाइट होतं. सकाळी स्वच्छ ऊन, पण बॅटरी चार्जच घेईना. दुकानदार म्हणतो बॅटरी चांगली आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तीन दिवस वीज नसलेल्या जागी जायचंय.

उत्तर : दुकानदार बरोबर सांगतोय. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य सेल्सिअसच्या, म्हणजे ३२ फॅरनहाइटच्या खाली चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर साचतो आणि ती कायमची खराब होते. म्हणून तिच्यातलं नियंत्रण चार्जिंग तोडून टाकतं. वीज द्यायला मात्र ती त्याहून बऱ्याच खालच्या तापमानालाही तयार असते, आणि तुमचा घोटाळा इथेच होतो: रात्रभर फर्नेसचा पंखा तिच्यातून ओढतो आणि सकाळी ती परत भरून घेत नाही. ट्रेलरच्या पुढच्या पेटीतून तिला आत घ्या, पलंगाखाली, फर्नेसची हवा पोचेल अशा जागी. वायर लांबवायची तर जाडीही वाढवा आणि फ्यूज बॅटरीजवळच ठेवा. हे काम जाणकाराकडून करून घ्या. आतून गरम होणाऱ्या बॅटऱ्याही मिळतात, पण तुमची नवी आहे, जागा बदलून भागेल.

सोलरवर फार विसंबू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला डुलुथच्या आसपास भर दुपारीही सूर्य ३० अंशांच्या वर जात नाही. छतावर सपाट पडलेल्या पॅनेलला त्याची निम्म्याहून कमी ताकद मिळते, आणि झाडाची सावली आली तर तीही नाही. तीन दिवसांसाठी छोटा जनरेटर बरोबर असू द्या.

प्रश्न : सकाळी ट्रेलरच्या भिंतींना पाणी सुटतं, गादी खालून ओली होते. सगळ्या फटी टेपने बंद केल्या तरी फरक नाही, उलट वाढलंच. फर्नेस कमी ठेवून रात्री थोडा वेळ शेगडी पेटवली तर हवा कोरडी होईल का?

उत्तर : शेगडी पेटवू नका. आज रात्रीही नाही. बंद गाडीत ज्योत पेटती ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो त्याला घेऊन जातो. तुम्ही फटी बुजवल्या आहेत म्हणून धोका आणखी वाढलाय. आधी ती टेप काढा, मग कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरच्या मागची तारीख वाचा. डिटेक्टरचं आयुष्य ठरलेलं असतं. मुदत संपली असेल तर चाचणीचं बटण दाबल्यावर तो वाजला तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नका, नवा आणा.

शेगडीने हवा कोरडी होतही नाही. प्रोपेन जळला की त्यातून पाणी तयार होतं. एक गॅलन प्रोपेनमधून पाऊण गॅलनाहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. फर्नेसची वाफ धुराड्यातून बाहेर जाते, शेगडीची आतच राहते. त्यात झोपलेल्यांचा श्वास. ही वाफ गार भिंतीला लागून पाणी होते. उपाय उलटा वाटेल, पण करून बघा: छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा, समोरच्या टोकाची एक खिडकी तेवढीच उघडा आणि फर्नेस चालू ठेवा. गॅस थोडा जास्त जाईल. स्वयंपाक करताना पंखा लावा, भांड्यावर झाकण ठेवा, ओले टॉवेल आत वाळत घालू नका. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीची चटई मिळते, ती घाला. तोवर सकाळी गादी उभी करून ठेवली तरी बुरशी धरत नाही.

प्रश्न : नोव्हेंबरात कुत्र्याला घेऊन ट्रेलवर फिरलं तर चालतं का? शिकारीचे दिवस असतात म्हणतात.

उत्तर : असतात. बंदुकीने हरणांची शिकार नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, पक्ष्यांची सप्टेंबरपासूनच चालू असते. स्वतःला झगझगीत केशरी जाकीट आणि टोपी, कुत्र्यालाही केशरी जाकीट. मिनेसोटात २०१७ पासून शिकाऱ्यांना झगझगीत गुलाबीही चालतं, तेव्हा मुलीचा हट्ट असेल तर तो रंग घ्या. कुत्रा पट्ट्यात हवा. काही स्टेट पार्क विशेष शिकारीसाठी त्या दिवसांत बंद असतात, आदल्या दिवशी खात्री करून घ्या. आणि शेकोटीसाठी लाकूड घरून नेऊ नका. ॲश झाडं पोखरणारा हिरवा किडा २००९ मध्ये सेंट पॉलला सापडला, तो लाकडाबरोबरच पसरतो. स्टेट पार्कात मान्यताप्राप्त लाकूडच चालतं, ते तिथेच विकत घ्या.

प्रश्न : १० नोव्हेंबरला स्प्लिट रॉकचा दिवा लावतात असं ऐकलं. आरव्हीने जाता येईल का? मला ते एकदा बघायचंय.

उत्तर : जरूर बघा. १० नोव्हेंबर १९७५ ला 'एडमंड फिट्झजेरल्ड' हे लोहखनिज भरलेलं जहाज लेक सुपीरियरच्या वादळात बुडालं. आदल्या दिवशीच ते डुलुथच्या शेजारच्या सुपीरियर बंदरातून निघालं होतं. त्यावरचे सगळे २९ जण गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी त्या संध्याकाळी स्तंभाची दारं लावून घेतात आणि एकेकाचं नाव वाचून घंटा वाजवतात. एकोणतीस टोल झाले की तिसावा टोल ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे सुपीरियर आणि तिच्या जोडीच्या मोठ्या तळ्यांमध्ये, बुडालेल्या सगळ्यांसाठी. मग दिवा लागतो.

मी दोनदा गेले आहे. दुसऱ्या वेळी वारा इतका होता की नावं ऐकू येईनात. घंटेचा आवाज तेवढा तुटक तुटक येत होता आणि माझ्या शेजारचे एक आजोबा बोटांवर टोल मोजत होते. दिवा लागल्यावर त्यांनी टोपी काढली आणि तो झोत दोन फेऱ्या मारून येईपर्यंत तसेच उभे राहिले.

आरव्हीपेक्षा मोटारीने जा. गर्दी असते, अंधार लवकर पडतो, आणि मोठी गाडी वळवायला त्या दिवशी जागा मिळत नाही. आरव्ही न्यायचीच तर ती कॅम्पवर लावून, कुणाच्या तरी मोटारीतून या. तिकिटाचं आधी बघून ठेवा. तीनपर्यंत पोचा, टॉर्च जवळ ठेवा. पायात बर्फावर घसरणार नाहीत असे बूट हवेत, कानाला टोपी हवी, आणि तिच्यावरून जाकिटाचं हूड ओढून बांधायला दोरी हवी.